मार्सेयला जाताय? मग आधी हे वाचा

आमच्या वाडीतली दोन घरं ऑक्टोबरात फ्रान्सला निघालीत आणि दोघांनीही मला वेगवेगळं गाठून विचारलं, तू आईला घेऊन मार्सेयला गेलेलास ना, कुठे राहिलात, काय खाल्लंत. म्हटलं व्हॉट्सअॅपवर दोनदा टाइप करण्यापेक्षा इथेच लिहून टाकतो. नाहीतरी रत्नागिरीत धो धो पाऊस लागलाय, मिरकरवाड्यातल्या होड्या बंद आहेत, सोडे आणि सुक्या बोंबलांवर दिवस काढतोय, त्यामुळे ताज्या माशाची आठवण जरा जास्तच येतेय.

राहण्याचं पहिलं. जुन्या बंदराच्या आसपास चालत पोचता येईल असं बघा, बास. मुख्य स्टेशन सँ-शार्ल, तिथून जुनं बंदर मेट्रोने दोन स्टेशनं. स्टेशनसमोर जो भव्य जिना दिसतो तो 104 पायऱ्यांचा आहे, फोटो काढा आणि बॅगा घेऊन मेट्रोनेच जा. आम्ही ल पानिए नावाच्या जुन्या वस्तीत फ्लॅट घेतला, चढाच्या अरुंद गल्ल्या, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे, फोटोत एकदम भारी. फक्त चौथा मजला आणि लिफ्ट नाही हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि आईच्या बॅगेत मसाला, आमसुलं, तांदूळ धरून तेवीस किलो! म्हणून आई-बाबांना नेणार असाल तर बुक करताना लिफ्ट आहे का ते आधी विचारा. रात्री गाणी-गोंगाट, बार हवे असतील तर कूर ज्युलियाँ बरं, पण मग झोपेचं बघा.

आता मासे. रोज सकाळी जुन्या बंदराच्या धक्क्यावर कोळी लोक थोडीशीच टेबलं मांडून बसतात. लिलाव नाही, आरडाओरडा नाही, मिरकरवाडा बघितलेल्याला हा बाजार म्हणजे गंमतच वाटेल. पण मासा असा की अजून हलतोय. आई सरळ पुढे गेली आणि एका माशाचा कल्ला बोटाने उचलून आत बघितलं, लालभडक. मी म्हटलं झालं, आता मासेवाली ओरडणार. तिने आईकडे बघितलं, दुसरा मासा उचलला आणि स्वतःच त्याचा कल्ला उघडून आईच्या नाकासमोर धरला. आई मराठीत, ती फ्रेंचमध्ये, दोघींचा पाच मिनिटं व्यवहार चालला, मी पिशवी धरून उभा. अर्धा किलो तारल्या घेतल्या, आमसूल घालून फ्लॅटवर तिखलं केलं. किचनवाला फ्लॅट घ्या म्हणतो ते यासाठीच.

बुयाबेस म्हणजे इथली माशांची आमटी, ती मात्र बाहेरच खायची आणि एकदाच. पहिल्याच दिवशी बंदरावरच्या एका टुरिस्टी हॉटेलात मेनूवर 25 युरोला दिसली म्हणून घेतली आणि फसलो, केशरी पाण्यात दोन तुकडे. खरी बुयाबेस मुळात कोळ्यांच्या घरचं कालवण, जे काटेरी खडकातले मासे बाजारात कोणी घेत नाही ते उकळायचे. आपल्याकडेही चांगला मासा विकला जातो आणि काटेरी घरच्या टोपात पडतो, तसंच. आता तीच गरिबाची आमटी माणशी 70-80 युरो, कधी त्याहून वर. 1980 मध्ये तिथल्या काही हॉटेलवाल्यांनी चक्क चार्टर म्हणजे नियमावलीच केली, की यादीतले किमान चार प्रकारचे मासे हवेत वगैरे. चांगल्या ठिकाणी एक दिवस आधी फोन करून सांगावं लागतं. आधी नुसता रस्सा येतो, केशर आणि बडीशेपेचा वास, सोबत कडक पाव आणि रूय म्हणजे लसूण-केशर-मिरचीची घट्ट चटणी, ती पावाला फासून रश्शात बुडवायची. मग मासे आणि बटाटे वेगळ्या ताटात, तुमच्यासमोर काटे काढून देतात. रास्कास नावाचा काटेरी मासा हवाच, आणि बहुतेक वेळा वामही असते. आईचं मत: रस्सा एक नंबर, तिखट शून्य.

बाकी दिवस स्वस्तात भागतं. पानिस खा, हे वाचून हसाल पण ती पाटवडी आहे हो, चण्याचं पीठ शिजवून थापायचं, कापायचं आणि तळायचं. लेस्ताकला सगळ्यात छान मिळते, सीझनला जुन्या बंदरातून तिकडे बोट जाते. पिझ्झा अर्धा चीजचा अर्धा अँकोव्हीचा मागा, अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीचा खारवलेला भाऊ. नुआयच्या बाजारात ट्युनिशिया, अल्जीरिया सगळं एका गल्लीत, मसाल्यांचे ढीग बघून आईला एकदम हायसं वाटलं. एक लक्षात ठेवा, दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद, रात्रीचं साडेसातच्या आधी नाही.

पिणाऱ्यांसाठी पास्तीस. अॅबसिंथ नावाच्या कडक दारूवर 1915 मध्ये बंदी आली, पुढे 1932 मध्ये पॉल रिकारने इथेच आपली पास्तीस काढली. एक भाग दारू, पाच भाग गार पाणी, पाणी पडलं की पिवळी दारू दुधाळ होते. चव बडीशेपेची. आईने वास घेतला आणि म्हणाली, हे तर खोकल्याचं औषध.

आणि हो, सेंट जाँ किल्ल्यावरून पाण्यावरून म्युसेम संग्रहालयाकडे जाणाऱ्या पुलावर जा. आपण शाळेत शिकलेलं मार्सेलिस ते हेच, 8 जुलै 1910 ला सावरकरांनी मोरिया बोटीच्या पोर्टहोलमधून उडी मारली ते याच शहराच्या बंदरात. सावरकरांच्या पतितपावन मंदिराच्या गावचे आम्ही, आई तिथे बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. मग म्हणाली, पाणी गार असेल नाही रे? मिस्त्राल वारा वाहिला की जुलैतही खरंच गार होतं.

येताना नाव्हेत आणा, होडीच्या आकाराची संत्र्याच्या फुलांच्या वासाची बिस्किटं, 1781 पासूनची बेकरी आहे. दगडासारखी कडक, चहात बुडवल्याशिवाय दात लागत नाही. आमची आठवड्यात संपली, पत्र्याचा डबा आहे अजून, आईने त्यात सोडे भरलेत.