तिसऱ्या चढाईला कोण जाणार?

कबड्डी मंडळांचे प्रशिक्षक आणि शाळांचे क्रीडाशिक्षक भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो: "३५ मिनिटं आमची पोरं वाघासारखी खेळतात आणि शेवटच्या ५ मिनिटांत गळपटतात. यांचं मन खंबीर कसं करायचं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, भाषणं कमी करा आणि हिशेब शिकवा.

कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची. म्हणजे २ मिनिटं उरली आणि दोन्ही संघांनी पूर्ण वेळ खेळला, तर चढाया चारच: दोन त्यांच्या, दोन आपल्या. ३ गुणांनी पुढे असलेल्या संघाला हे माहीत असलं की निम्मी धडधड तिथेच थांबते. माहीत नसलं की चढाईपटू पहिल्या दहा सेकंदांतच घुसतो आणि कोपऱ्यातला गडी घोटा समोर दिसताच एकटा झेपावतो. साखळीतला, म्हणजे हात धरून उभा असलेला जोडीदार अजून जागेवरच असतो. पकड सुटते, गुण जातो.

उलटी चूकही तितकीच होते. आघाडीवरचा चढाईपटू वेळ काढायला जातो, मध्यरेषेजवळच नाचत राहतो आणि समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांडायची विसरतो. कुणाला हात न लावता, निदान रेषा न ओलांडता परतला की बाद. हा निव्वळ धांदरटपणा आहे, पण दडपणात तो चांगल्या चांगल्यांकडून होतो. म्हणून वेळकाढू चढाईचाही क्रम पाठ हवा: आधी निदान रेषा, मग घड्याळ.

संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या, म्हणजे कुणालाच गुण न मिळता गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर चढाईपटू बाद. ही तिसरी चढाई कोणी करायची, हे सामन्याआधी ठरलेलं असावं आणि तो बाहेर बसला असेल तर दुसरा कोण, हेही. मॅटवर एकमेकांची तोंडं पाहणारा संघ तिथेच अर्धा हरतो. रिकाम्या चढाया मोजायचं काम बाद होऊन बसलेल्या गड्यांना द्या. बसलेला गडी नाहीतर आपल्याच चुकीचं दळण दळत बसतो.

सराव कसा घ्यायचा? आठवड्यातून दोनदा, शेवटची १५ मिनिटं, पोरं दमलेली असताना. १२ चिठ्ठ्या करा. एकीवर लिहा: '२६-२७, १ मिनिट ४० सेकंद, आपले पाच गडी, दोन चढाया रिकाम्या.' चिठ्ठी काढा, घड्याळ लावा, खेळवा. स्पीकरवर गोंगाट लावा. एखादा निर्णय पंचाने मुद्दाम चुकीचा द्यावा. त्यावर नियम एकच: पंचाशी फक्त कर्णधार बोलेल, बाकीचे आपल्या जागी परततील.

हे कशाला, असं वाटत असेल तर २०२३ची हांगझोऊ आशियाई स्पर्धा आठवा. इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यात २८-२८ अशी बरोबरी, शेवटचं मिनिट जवळ आलेलं आणि भारताच्या पवन सेहरावतची अशीच तिसरी चढाई. लॉबीच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यांच्या नियमावरून वाद पेटला, खेळ बराच वेळ थांबला. भारत ३३-२९ जिंकला. अशा खोळंब्यात अंग थंड पडतं आणि डोकं तापतं. दोन्ही उलट व्हायला हवं. तेव्हा जागच्या जागी हलत राहा, पाणी घोट घोट प्या, आणि पुढच्या चढाईखेरीज विषय नको.

श्वासाचं म्हणाल तर आपल्या खेळात दम घुमवायचा, म्हणजे 'कबड्डी-कबड्डी' म्हणत श्वास बाहेर सोडत राहायचा. घाबरलेला गडी छाती भरून घेतो आणि दम आखडतो. मध्यरेषेकडे जाण्याआधी एकदा लांब श्वास सोडा, मग बेताचा घ्या. बस्स.

टाईम आऊट ३० सेकंदांचा. त्यात तिघं बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही. पहिले दहा सेकंद गप्प, मग एकानेच एक वाक्य सांगायचं आणि तेही करायच्या गोष्टीचं. 'घाई करू नका' याने काही कळत नाही. 'बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) जाऊ दे, परतीला पकडा' याने कळतं.

सामना बरोबरीत सुटला आणि पाच-पाच चढायांवर गेला, तर पाच वेगवेगळे चढाईपटू लागतात आणि त्यांचा क्रम आधीच पंचाला द्यावा लागतो. तिथे गडी बाद होऊन बसत नाहीत, फक्त गुण मोजतात, आणि निदान रेषाच बोनस रेषा धरतात. म्हणजे बोनस स्वस्त. बचावाने तो गेलाच असं धरून पकडीवर डोळा ठेवावा. पकड झाली तर एकास एक. सगळ्यात भरवशाचा चढाईपटू पाचवा ठेवायची हौस अनेकांना असते. त्याची पाळी येईपर्यंत निकाल लागलेला असू शकतो. त्याला पहिला किंवा दुसरा पाठवा. पाचवा मात्र असा निवडा, जो सरावात चिठ्ठी वाचून हसतो.