अल्कोहोलमध्ये तासभर

ऑक्सिजनशिवाय जंतू वाढवायच्या जारचं झाकण काढायच्या आधीच कळलं, दोन दिवस वाया गेले. आतली इन्डिकेटरची पट्टी निळी होती. आत ऑक्सिजन उरला नसेल तर मिथिलीन ब्लूचा रंग उडतो आणि पट्टी पांढरी पडते. ही निळीच्या निळी. झाकणाच्या रबरी रिंगला केसाएवढी चीर गेली होती, तिथून हवा आत येत राहिली. शनिवारी जार बंद करताना रिंगवरून बोट फिरवून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

वॉर्डात आठवडाभरात तिघांना जुलाब लागले होते. पहिले आजोबा, न्यूमोनियासाठी दाखल झालेले, सेफ्ट्रायक्झोन हे अँटिबायोटिक चालू. मग त्यांच्या शेजारच्या बेडवरच्या बाई, मग पलीकडच्या रांगेतला एक तरुण. तिघांच्याही सॅम्पलवर रॅपिड किट लावलं, तिघांचं उत्तर एकच: जीडीएच (जंतूचं एक एन्झाइम) पॉझिटिव्ह, टॉक्सिन (त्याचं विष) निगेटिव्ह. आमच्या कामात याच्याइतका अडचणीचा रिपोर्ट नाही. जीडीएच सांगतं, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जुलाब करणारा जंतू आतड्यात आहे. पण या जंतूच्या काही जाती टॉक्सिन बनवतच नाहीत; त्या आतड्यात असल्या तरी आजार करत नाहीत. उलट टॉक्सिन असूनही किटला सापडलं नाही, असंही होतं. सॅम्पल बाहेरच्या तापमानात दोन-तीन तास पडून राहिलं तरी टॉक्सिन नष्ट होऊ शकतं. आणि आमची सॅम्पल्स वॉर्डातून दुपारी निघून संध्याकाळी पोचली होती.

टॉक्सिनचा जीन थेट शोधणारी पीसीआर टेस्ट आमच्याकडे नाही. मग जंतू वाढवायचा आणि त्या वाढलेल्या जंतूकडूनच टॉक्सिन काढून घ्यायचं, एवढाच मार्ग. टॉक्सिजेनिक कल्चर. दोन-तीन दिवस खातं, म्हणून बऱ्याच लॅबनी ते सोडून दिलंय. मला ते सोडवत नाही.

फ्रीजमधल्या सॅम्पलमधलं टॉक्सिन एव्हाना गेलं असणार, पण स्पोर, म्हणजे जंतूची टणक कवचातली झोपलेली रूपं, कुठे जातात? म्हणून पुन्हा सुरुवात केली. सॅम्पल जितकं, तितकंच अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल, नीट ढवळून तासभर ठेवून दिलं. आतड्यातले बाकीचे जंतू त्यात मरतात. डिफिसिलही मरतो, पण त्याचे स्पोर मरत नाहीत, आणि नंतर प्लेटवर पडले की पुन्हा जागे होतात. जागे व्हायला त्यांना टॉरोकोलेट लागतं, म्हणजे पित्तातलंच द्रव्य, म्हणून ते मीडियममध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जंतूंच्या खाद्यात, घालावं लागतं. प्लेट आदल्या दिवसापासून ऑक्सिजनशिवाय ठेवलेल्या होत्या. सायक्लोसेरीन आणि सेफॉक्सिटिन ही अँटिबायोटिक्स घालून बाकीचे जंतू रोखणारा सिलेक्टिव्ह मीडियम होताच. शिवाय साध्या ब्लड अगारच्या (रक्त घातलेल्या, जवळपास सगळेच जंतू वाढू देणाऱ्या मीडियमच्या) दोन प्लेट, एकीवर अल्कोहोल न लावलेलं सॅम्पल, दुसरीवर लावलेलं. ही माझी जुनी सवय. रिंग नवी बसवली, यावेळी बोट फिरवून बघितलं. ३७ अंश, ४८ तास.

हे ४८ तास सगळ्यांत अवघड. वॉर्डातून फोन येत राहतात आणि मध्येच जार उघडून डोकवायचा मोह होतो. कोवळी वाढ हवेत आली की तिथेच संपते. १९३५ साली हॉल आणि ओ'टूल यांना हा जंतू नवजात बाळांच्या मलात सापडला, तेव्हा तो वाढवताना इतका त्रास झाला की नावातच त्यांनी 'डिफिसिलिस', लॅटिनमध्ये अवघड, घातलं. २०१६ साली त्याचं कुळनाम बदललं, अवघडपणा नावात तसाच राहिला.

बुधवारी पट्टी पांढरीशुभ्र होती. झाकण सैल केलं आणि तो वास आला. घोड्याच्या तबेल्याचा. प्लेट नाकाशी नेऊन हुंगायची नसते, तशी गरजही पडत नाही, वास खोलीभर होतो. सिलेक्टिव्ह प्लेटवर पिवळ्या, चपट्या, काठाला वेड्यावाकड्या कॉलन्या. आतून घासलेल्या काचेसारख्या. ब्लड अगारची प्लेट लाँग वेव्ह यूव्हीखाली धरली तर पोपटी चमकली. ग्रॅम स्टेनमध्ये जांभळे दांडके आणि एका टोकाकडे स्पोरची रिकामी जागा. तिघांच्या कॉलन्या ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ मीडियममध्ये, घातल्या. दुसऱ्या दिवशी तिन्ही ब्रॉथ टॉक्सिन पॉझिटिव्ह.

डॉक्टरांना फोन केला. तिघांनाही जुलाब चालूच होते, त्यांनी लगेच तोंडावाटे व्हॅन्कोमायसिन सुरू केलं. शिरेतून दिलं तर ते आतड्यापर्यंत पोचत नाही.

दुपारी वॉर्डच्या हेड सिस्टर स्वतः लॅबमध्ये आल्या. त्यांचे हात कोरडे पडून सालटं निघालेले होते. म्हणाल्या, "मॅडम, आमचं चुकतंय कुठे? प्रत्येक पेशंटनंतर अल्कोहोलचा हँडरब वापरतोय. मी स्वतः बघते."

काय बोलावं सुचेना. मी त्या दोन ब्लड अगारच्या प्लेट काढून झाकण न उघडता त्यांच्यासमोर ठेवल्या. एकीवर सगळीकडे राखाडी साय, एक कॉलनी दुसरीपासून वेगळी दिसत नव्हती. दुसरी जवळजवळ स्वच्छ, फक्त तेवढ्या चपट्या कॉलन्या.

"या दुसऱ्या प्लेटवरचं सॅम्पल तासभर अल्कोहोलमध्ये होतं, सिस्टर."

त्या बराच वेळ प्लेटकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडे. "तासभर?" एवढंच म्हणाल्या.

साबण आणि पाण्याने स्पोर मरत नाहीत, पण निघून जातात, वाहून जातात. म्हणून जुलाबाच्या पेशंटला हात लावताना ग्लोव्ह्ज आणि नंतर साबण-पाणीच. सिस्टरांना हे ठाऊक होतं, ट्रेनिंगमध्ये सांगितलेलंच असतं. पण वॉर्डात बेसिन एका टोकाला आणि हँडरबची बाटली प्रत्येक बेडपाशी, गर्दीच्या वेळी हात कुठे जाणार?

आम्ही दोघींनी मिळून वॉर्डातले स्वॅब घेतले. कमोड चेअरच्या हातावर तोच जंतू वाढला. पेशंटचे तीन आणि खुर्चीचा एक असे चारही कल्चर रायबोटायपिंगसाठी, म्हणजे डीएनएवरून जंतूचा टाइप ओळखायला, मोठ्या लॅबला पाठवले. आजोबा, शेजारच्या बाई आणि खुर्ची यांचा टाइप एकच आला, तरुणाचा वेगळा. त्याला तो कुठून लागला हे शेवटपर्यंत कळलं नाही. जिवंत जंतू हातात होता म्हणून निदान एवढं तरी उलगडलं. किटच्या पट्टीवरच्या रेघेवरून टायपिंग होत नाही.

सिस्टरांनी विचारलं, प्लेट वॉर्डातल्या बाकीच्यांना दाखवता येतील का. बाहेर न्यायला मी नाही म्हटलं. टेप लावून बंद केल्या आणि ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने जंतू मारायच्या यंत्राला) पाठवायच्या एक दिवस थांबवल्या. त्या दिवशी ड्यूटी संपता संपता दोघी-तिघी करत सगळ्या येऊन गेल्या. शेवटी सफाईच्या मावशी आल्या. त्यांनी प्लेट नीट निरखल्या आणि विचारलं, "मग ती खुर्ची कशाने पुसू?"

आधी साबणाने घाण काढायची, मग त्याच दिवशी बनवलेलं हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. जाताना दारातून परत वळल्या. "खुर्चीच्या हातांची खालची बाजू पण ना? सगळे तिथंच धरतात."

आम्ही स्वॅब फक्त वरून घेतला होता.