तुम्ही विचारलंत म्हणून : बोलायचं कधी आणि गप्प कधी राहायचं

फोंडा-पणजी बसमधल्या नेहमीच्या बायका, माझ्या जुन्या विद्यार्थिनी आणि अलीकडे त्यांच्या आयासुद्धा मला एकच प्रश्न विचारतात : "बाई, तुम्ही चारचौघांत बोलता. पण कधी बोलायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे कसं ठरवता?" उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा बैजवार लिहिते.

ठरवताना मी चूक करणाऱ्याकडे बघत नाही. ती ज्याच्यावर येऊन पडलीय त्याच्याकडे बघते. या घडीला तो माणूस एकटा पडलाय का? पडला असेल तर बोलायचं. नुसता मला राग आला असेल, शिस्त मोडली म्हणून माझं डोकं तापलं असेल, तर बहुतेक वेळा सोडून द्यायचं. फेरीबोटीवर चढताना कुणी स्कूटर मध्ये घुसवली, तर घुसवू दे. बोट पलीकडे एकाच वेळी लागते. नाटकाला पुढच्या रांगेत मोबाईल उजळला, तर मी मध्यंतरापर्यंत थांबते, कारण माझ्या बोलण्याने आणखी दहा जणांचा प्रवेश बुडेल.

बसमधली गोष्ट मात्र सोडवत नाही. सकाळच्या मिनीबसमध्ये कुंडई, भोम येईपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि कंडक्टरचं "फुडें वच, फुडें वच" चालूच असतं. अशाच एका सकाळी कडेवर मूल आणि हातात बोचकं घेतलेली एक कामकरी बाई चढली. कर्नाटकातली असावी. तिने पाचशेची नोट पुढे केली. कंडक्टर आधी सुट्यांवरून चिडला, मग तिला "घाटी" म्हणाला, आणि बाणस्तारीला उतर म्हणाला. गोव्यात हा शब्द किती सहज तोंडातून निघतो ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लोक खिडकीबाहेर बघू लागले. कुणी मोबाईल काढला. ती बाई नोट मुठीत चुरगाळत एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मला बोलायला लावलं ते तिच्या त्या बघण्याने. तिच्या लेखी सगळी बस कंडक्टरच्या बाजूची होती.

मी म्हटलं, "बाब, सुटे हांव दितां. पूण तें उतर नाका." म्हणजे, सुटे मी देते, पण तो शब्द नको. आवाज चढवला नाही. कंडक्टर पहाटेपासून उभा असतो, मागची बस पाठीवर असते. त्याला माघार घ्यायला वाट ठेवली तर तो घेतो. तोही काही न बोलता पुढे सरकला. त्यानंतर मागून दोन हात सुटे घेऊन पुढे आले. म्हणजे न पटलेली माणसं बसमध्ये होतीच. फक्त ती एकमेकांना दिसत नव्हती.

हे केवळ आपल्याकडचं नाही. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली न्यू यॉर्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी खोलीत बसून फॉर्म भरत असताना भिंतीतल्या झडपेतून धूर सोडायचा. एकट्याने बसलेल्यांपैकी 75 टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण शेजारी प्रयोगातलेच दोघे काही घडलं नाही असं दाखवत बसवले, तेव्हा सांगणारे 10 टक्क्यांवर आले. ज्याने त्याने शेजाऱ्याचा शांत चेहरा बघितला आणि काळजीचं कारण नसावं असं धरलं. आपल्या मिनीबसमध्येही आपण असेच एकमेकांचे चेहरे वाचतो. फरक एवढाच की ज्याला त्रास होतोय तोही ते वाचत असतो.

गर्दीत मुलीच्या अंगाशी येणाऱ्या माणसाबद्दल आया सगळ्यात जास्त विचारतात. तिथे मी त्या माणसाशी बोलतच नाही, मुलीशी बोलते. "गो बाय, हांगा यो. तुजी आवय बरी आसा मूं?" ओळख नसली तरी असं इकडे बोलवून आई बरी आहे ना म्हणून विचारायचं आणि तिला माझ्या सीटजवळ ओढून घ्यायचं. ही एकटी आहे असं धरूनच तो तिच्यामागे उभा राहिलेला असतो. तिचं कुणीतरी बसमध्ये आहे हे कळलं की बहुतेक वेळा तो दाराकडे सरकतो. नाही सरकला तर कंडक्टरला बस थांबवायला सांगायची आणि 112 लावायचा. पण तक्रार करायची की नाही, हे त्या मुलीला विचारायचं. आपल्या रागापायी तिला पोलीस स्टेशनची पायरी चढायला लावू नये.

कपड्याला डाग पडलाय, ब्लाऊजचा हूक तुटलाय, हे मात्र नेहमी सांगायचं. कानात, आणि हातात सेफ्टी पिन देऊन. सांगताना आपल्याला अवघड वाटतं, पण ती बाई तशीच दिवसभर ऑफिसात वावरली तर तिला त्याहून कितीतरी अवघड होईल.

कायद्याचा आधार असला तरी तो मी आधी काढत नाही. सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणं याविरुद्ध गोव्याने 1997 मध्येच स्वतंत्र कायदा केला, केंद्राचा तंबाखू कायदा 2003 चा. स्टँडवर सिगरेट ओढणाऱ्याला "कायदा आहे" म्हटलं की भांडण लागतं. "ह्या पोराला दम लागतो हो," म्हटलं की सिगरेट विझते, आणि क्वचित माणूस ओशाळून पोराची चौकशीही करतो. तिथे पोर किंवा म्हातारं माणूस नसेल तर मीच चार पावलं बाजूला होते.

"पण कुणीच साथ दिली नाही तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. साथ मागून घ्यावी लागते, आणि ती एकाच माणसाकडे मागायची. 1975 साली थॉमस मोरियार्टी यांनी न्यू यॉर्कजवळच्या किनाऱ्यावर केलेला प्रयोग आम्हा गोंयकारांना सहज समजेल. वाळूवर रेडिओ ठेवून मालक उठून जातो, मग प्रयोगातलाच 'चोर' येऊन तो उचलतो. शेजाऱ्याला काही सांगितलेलं नसेल तर 20 टक्के लोक अडवायला उठले. "जरा लक्ष ठेवाल का?" एवढं विचारलेलं असेल तर 95 टक्के. म्हणून मी सगळ्या बसला उद्देशून ओरडत नाही. शेजारच्या काकांना म्हणते, "काका, जरा माझ्याबरोबर उभे राहा हं." काका उभे राहतात. आणि लोक निर्दय झालेत या तक्रारीवर माझा विश्वास नाही. अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण अभ्यासकांनी तपासलं. ते 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. दहापैकी नऊ प्रसंगांत बघणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं.

काही वेळा मी तोंड उघडत नाही. रात्र झालेली, समोरचा प्यालेला आणि मी एकटी असेन, तर फक्त फोन करायचा आणि जिला त्रास होतोय तिच्या नजरेत राहायचं. बसमध्ये रडणाऱ्या मुलाच्या आईलाही काही सुनवायचं नाही. एकटी पडलेली असते ती तीच. तिची पिशवी धरायची.

सगळ्यात कठीण जातं ते ओळखीच्या माणसाशी. आपला प्रदेश लहान. "तुका कित्याक पडलां?" म्हणून अंगावर येणारा बऱ्याचदा वाड्यावरचाच कुणाचा तरी भाचा निघतो. चवथीला त्याच्याच घरी आरतीला जायचं असतं, जत्रेत शेजारी उभं राहायचं असतं. अशा वेळी बसमध्ये मी फक्त समोरच्या बाईला सावरते, त्याला काही म्हणत नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जाते. त्याची आई चहा ठेवते, मी ओसरीवर बसते, आणि तो बाहेर आला की जे झालं ते त्याला सरळ सांगते. आईसमोर सांगायचं की तिला आत जाऊ द्यायचं, हे मात्र मी अजूनही प्रत्येक वेळी तिथे बसल्यावरच ठरवते.