आमची वाटचाल : सेट चांगला, मग खरखर कुठली?

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्यानंतर कित्येक महिने बाबांच्या टेबलावर चिखलानं भरलेले रेडिओच येत राहिले. बाबा तेव्हा बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला होते. शनिवार-नारायण पेठेतून लोक हातगाडीवर सेट घालून आणत. कॅबिनेटचं प्लायवूड फुगून सुटलेलं, स्पीकरच्या कागदाचा लगदा झालेला, गँगच्या, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या कंडेन्सरच्या, पात्यांमध्ये गाळ घट्ट बसलेला. बाबा व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) काढून ठेवत, चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, साध्या पाण्यानं धूत, उन्हात वाळवत. ट्रान्सफॉर्मर मात्र लाकडी खोक्यात जळत्या बल्बखाली चार-चार दिवस ठेवायचा. आत ओल राहिली आणि वीज दिली की वाइंडिंग गेलंच. हे ते पहिले दोन सेट गमावून शिकले होते. पुढच्या वर्षी दसऱ्याला त्यांनी नारायण पेठेत एका वाड्याच्या ओसरीवर दहा बाय आठची जागा भाड्यानं घेतली. आमचं दुकान सुरू झालं ते तिथून.

त्या काळी पुण्यात मीडियम वेव्ह, म्हणजे आकाशवाणीची केंद्रं ज्या पट्ट्यावर लागतात तो, ऐकायला फार खटपट लागत नसे. आकाशवाणीचं पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालेलं. वाडे लाकूड-मातीचे, वर कौलं. लहरींना आडकाठी नाही. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गट्टू. तिथून एक वायर सेटच्या मागे एरियलच्या खुणेला, आणि अर्थच्या (जमिनीशी जोडायच्या) खुणेपासून दुसरी वायर मोरीतल्या नळाला गुंडाळलेली. नळ लोखंडी, पाइप थेट जमिनीत गेलेला, त्यामुळे अर्थिंग आयतं मिळायचं. घरात विजेचं म्हणाल तर चार बल्ब आणि एखादा पंखा. अशा घरात रेडिओ खरखरला तर दोष बहुतेक सेटमध्येच सापडायचा, आणि तो शोधणं हेच आमचं काम.

मी सातवीत असल्यापासून बाबांनी मला शेजारी बसवलं. दोन स्टेशनं एकमेकांत मिसळतात, किंवा डायलच्या एका टोकाला जोरात आणि दुसऱ्या टोकाला मिणमिणतं, अशी तक्रार आली की जुळणी करायची. आधी आयएफटी, म्हणजे सेटच्या आतली एक ठरलेली मधली लहर निवडणारे छोटे ट्रान्सफॉर्मर. बहुतेक सेटांत 455 किलोसायकलला (आजच्या भाषेत किलोहर्ट्झ), काही जुन्या विलायती सेटांत आसपासचा दुसरा आकडा. मग डायलचं 600 च्या आसपासचं टोक पॅडरनं आणि 1400 च्या पुढचं टोक ट्रिमरनं; दोन्ही पेचानं कमी-जास्त करायचे छोटे कंडेन्सर. एकाला हात लावला की दुसरं थोडं सरकतं, म्हणून तीन-चार फेऱ्या माराव्याच लागतात. आयएफटीच्या पोटात लोखंडाच्या भुकटीचा दाबून केलेला पेच असतो. पहिल्याच महिन्यात मी लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावून असा एक पेच आतल्या आत फोडला. शिवाय लोखंड जवळ नेलं की जुळणी बदलते आणि बाजूला घेतलं की परत सरकते, हे मला ठाऊकच नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. आईची विणायची प्लॅस्टिकची सुई घेतली, कानशीनं तिचं टोक चपटं केलं आणि माझ्या हातात दिली. ती सुई अजून माझ्या टेबलावर आहे. टोक झिजलं की घासून घेतो.

पुढची वर्षं भराभर गेली. ट्रान्झिस्टर आले, मग सिंहगडावर दूरदर्शनचा टॉवर उभा राहिला आणि आम्ही टीव्हीकडे वळलो. मग टेपरेकॉर्डर, मिक्सर, इस्त्र्या. बाबांनी एक टेबल मात्र व्हॉल्व्हच्या सेटांसाठी राखून ठेवलं होतं. रविवारी ते जुन्या बाजारात जात आणि तिथं भंगाराच्या भावानं पडलेले मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको उचलून आणत. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मी वाद घालायचो. आज ज्या आयएफटी, गँग आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर आमचं काम चालतं, ते सगळे त्या रविवारांचे आहेत.

1998 ला दुकान माझ्याकडे आलं. पाच-सहा वर्षांनी लोक आजोबांचे सेट घेऊन यायला लागले. "शोसाठी ठेवलाय, पण वाजला तर बरं," असं म्हणणारे बरेच. बायकोनं कॅबिनेटचं पॉलिश आणि स्पीकरचं कापड अंगावर घेतलं आणि जुना रेडिओ हाच आमचा मुख्य धंदा झाला. सेट उघडायचा, मेणाचे कागदी कंडेन्सर सगळे बदलायचे, कारण ते गळतात आणि पुढचा व्हॉल्व्ह मारतात. फिल्टरचे बदलायचे, म्हणजे घरघर जाते. बँडस्विच साफ करायचा, डायलचा दोरा नवा घालायचा, मग जुळणी. दुकानात 792 किलोहर्ट्झवर पुणे स्वच्छ लागलं की सेट तयार.

एक गोष्ट इथंच सांगतो, कारण हा प्रश्न दर आठवड्याला येतो. जुन्या डायलवर जिथं स्टेशन छापलंय तिथं ते नेमकं लागत नाही, काटा थोडा अलीकडे-पलीकडे राहतो. नोव्हेंबर 1978 मध्ये आपल्याकडे मीडियम वेव्हच्या स्टेशनांमधलं अंतर 9 किलोहर्ट्झचं झालं आणि स्टेशनं थोडीथोडी हलली. डायल त्याच्या आधीची आहे. छापलेल्या खुणेशी काटा जुळवायचा म्हणून कोणी ट्रिमर फिरवत असेल तर त्याला आवरा.

2009 मध्ये कोथरूडचे एक निवृत्त शिक्षक पाच व्हॉल्व्हचा सेट घेऊन आले. त्यांच्या वडिलांचा. व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, सगळे जिवंत. आम्ही सगळं काम केलं, त्यांनी दुकानात बसून अर्धा तास ऐकलं आणि खूश होऊन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी फोन: नुसती खरखर येतेय. सेट परत आला, दुकानात उत्तम. घरी नेला, पुन्हा खरखर. तिसऱ्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या दुकानात वाजणारा रेडिओ मला नकोय हो. माझ्या घरात वाजणारा द्या."

मी त्यांच्या घरी गेलो. चाळीस वर्षं जे काम आम्ही टेबलावर बसून केलं, त्यासाठी गिऱ्हाइकाच्या घरी जायची ही पहिली वेळ. तिसरा मजला, काँक्रीटची इमारत. सेट हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला, मागे प्लगांची माळ. सुरू केला तर डायलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच घुर्र्र आवाज, आणि 792 वर त्याच्या खाली कुठेतरी बातम्या. सेट-टॉप बॉक्सचा प्लग काढला, थोडा फरक पडला. अजून बरंच शिल्लक होतं. तेवढ्यावर घरी आलो.

त्या गुरुवारी सकाळी अकराला त्यांचा फोन आला. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज घालवतात, तशी गेली होती. "माझा सेलवरचा ट्रान्झिस्टर ऐका," म्हणाले आणि फोन रेडिओजवळ धरला. पुणे केंद्र इतकं स्वच्छ की मागचा तबलाही कळत होता. मी स्कूटर काढली. वीज यायच्या आत पोचलो, मेन स्विच बंद करून ठेवला, आणि वीज आल्यावर एकेक एमसीबी वर करत, हातात ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरलो. ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावलेला, म्हणजे फक्त खरखर ऐकू येईल. स्वयंपाकघरातली एमसीबी वर केली आणि घुर्र्र सुरू झालं. ओट्यावर मोबाइलचा स्वस्तातला चार्जर होता, फोन नसतानाही प्लगमध्ये. तो काढला, आवाज निम्म्याहून कमी. उरलेला हॉलमधल्या दोन सीएफएल दिव्यांचा. आणि थोडासा, काही केल्या न जाणारा, शेजारच्या भिंतीतून येत होता.

चार्जर, अ‍ॅडाप्टर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांच्यात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. त्या प्रत्येक उघडझापेचे पडसाद मीडियम वेव्हच्या पट्ट्यात येतात आणि घरातलं वायरिंगच त्यांची एरियल होऊन बसतं. उलट स्टेशनची लहर काँक्रीटमधल्या सळ्यांमुळे आत येईतो क्षीण झालेली. नळाचे पाइप आता प्लॅस्टिकचे, म्हणून अर्थ नाही. जाळीची एरियल कधीच भंगारात गेली. अशा घरात सेट कितीही निर्दोष असला तरी त्यानं काय करावं?

मास्तरांसाठी मी एरियल म्हणून दोन फूट बाय दोन फुटांची लाकडी चौकट केली, तिच्यावर तांब्याच्या वायरचे बारा वेढे, आणि बाबांच्या खोक्यातला एक गँग जोडला. मध्ये वायरचा एक सुटा वेढा टाकून त्याची दोन टोकं सेटच्या एरियल-अर्थला. सेट बाल्कनीच्या बाजूच्या भिंतीला हलवला. चौकटीचा गुण असा, की ती जिकडे कडा करते तिकडचं जोरात घेते आणि जिकडे तोंड करते तिकडचं जवळजवळ सोडून देते. कडा हडपसरकडे, म्हणजे आकाशवाणीच्या मनोऱ्याकडे केली. नंतर हळूहळू फिरवत शेजारच्या भिंतीतला आवाज जिथं बुडाला तिथं थांबवली. स्टेशन किंचित कमी झालं, खरखर पार गेली. मास्तर बराच वेळ उभेच होते.

तेव्हापासून आम्ही सेट नुसता काउंटरवरून देत नाही. पुण्यात असाल तर घरी येऊन लावून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. गुरुवार त्यासाठीच राखलाय. ज्या ट्रान्झिस्टरच्या आत एरियल म्हणून फेराइटची कांडी आहे, त्यांनाही दिशेचं हेच लागू: कांडी स्टेशनच्या दिशेशी काटकोनात हवी. कोथरूडमध्ये हडपसर पूर्वेला, तर कांडी दक्षिणोत्तर. अनेकदा रेडिओ नुसता काटकोनात फिरवून तक्रार मिटते.

हडपसर-मगरपट्ट्यातली अडचण अगदी उलटी. तिथं 792 इतकं जोरात, की जुन्या सेटवर मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी 558 वर लावायला जावं तरी मागे पुणे बोलत असतं. तिथं लांब एरियल काढून टाकतो आणि एरियलच्या वाटेत एक कॉइल आणि ट्रिमर घालून ते बरोबर 792 वर जुळवतो. तेवढंच स्टेशन तिथं अडतं.

रात्रीचं आणखी एक. दिवसा आकाशातला खालचा थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणून रात्री लांबची स्टेशनं लागतात, वर-खाली होतात, एकमेकांवर चढतात. तो सेटचा बिघाड नाही, त्यासाठी दुकानात आणू नका. मला स्वतःला शनिवारी रात्री शास्त्रीय संगीत ऐकताना हे चढउतार आवडतात.

दोन चुका लिहून ठेवायलाच हव्यात. 2011 मध्ये एका घरी मी एसी-डीसी सेटच्या चॅसीला थेट अर्थ जोडला. या सेटांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसी सरळ विजेच्या एका वायरला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला की ती फेजवर जाते. मोठी ठिणगी उडाली आणि अर्थ लीकेजचा ब्रेकर पडला म्हणून निभावलं. घरातली लहान मुलगी सेटपासून दोन हातांवर बसली होती. आता असा प्रत्येक सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (तो सेटला मेनच्या वायरपासून वेगळं ठेवतो) आम्ही हातातून सोडत नाही आणि मागे लाल अक्षरांत सूचना चिकटवतो. दुसरी चूक कंडेन्सरची. 450 व्होल्ट छापलेला एक मोठा लॉट स्वस्त मिळाला म्हणून घेतला. तीन महिन्यांत अकरा सेट परत आले, फुगलेल्या कंडेन्सरांसह. विक्रेत्यानं हात वर केले. अकराही सेट पदरचे पैसे घालून पुन्हा केले. आता प्रत्येक नग जोडण्याआधी पूर्ण व्होल्टेजवर रात्रभर ठेवून बघतो.

बाबा 2016 मध्ये गेले. चौकटी आता मुलगी बनवते. तिनं गँगच्या जागी बसणारी बटणाची छोटी सोय केली आहे, ती मला अजून पटलेली नाही, पण ज्यांच्या बोटांना गँग फिरवणं जड जातं त्या आजी-आजोबांना ती उपयोगी पडते.

सेट आणणार असाल तर एवढं करा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट घरी प्लगला लावून बघू नका, तसाच आणा. मागचा पुठ्ठा फेकू नका; त्यावर व्हॉल्व्हचे नंबर आणि जोडणी असते. दोरा तुटला असेल तर ओढू नका. आणि येताना एका कागदावर लिहून आणा, की सेट घरात कोणत्या भिंतीला ठेवणार, त्या भिंतीपलीकडे काय आहे, आणि हडपसर तिथून कुठल्या दिशेला येतं.