फिशटँकमधले नायट्रेट उतरवताना: माझा अनुभव

टाकीतले नायट्रेट 80 पीपीएमच्या (म्हणजे लिटरला 80 मिलिग्रॅमच्या) पुढे गेल्याचे कळले तेव्हा पाणी अगदी आरपार दिसत होते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. तरी एंजल मासे कोपऱ्यात सुस्त उभे राहत, खाद्याकडे उशिरा वळत, आणि काचेवरचे शेवाळ खरवडले की पुन्हा जोमाने येई. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट 20 च्या आसपास असावे, 40 च्या वर जाऊ देऊ नये, असे मी धरून चालतो. माझी टाकी तीन फुटी. वाळू-दगड वजा जाता त्यात साधारण 100 लिटर पाणी राहते. एंजल, टेट्रा आणि तळाशी फिरणारे कोरीडोरस अशी माशांची वस्ती आहे.

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि कुजलेली पाने यांतून अमोनिया सुटतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही थोड्या प्रमाणातही घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते आपणहून कुठे जात नाही. साध्या स्पंजच्या फिल्टरला ते निघत नाही, आणि पाणी उडून गेले तरी ते मागेच राहते. म्हणून नुसती वरून भर घालत राहिले की आकडा चढतच जातो.

आधी मोजण्याचे सांगतो, कारण तिथेच बरेचजण फसतात. थेंबांच्या किटमध्ये दुसरी बाटली अर्धा मिनिट तरी जोरजोरात हलवावी लागते. तिच्यातला घन भाग तळाशी बसलेला असतो. तो मिसळला नाही तर रंग फिका येतो आणि सगळे ठीक आहे असे वाटते. दुसरी अडचण म्हणजे 40 आणि 80 चे लाल रंग डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. त्यासाठी मी टाकीचे एक भाग पाणी आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर तीन भाग असे मिसळून तपासतो, आणि आलेल्या आकड्याला चाराने गुणतो.

पाणी बदलणे हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. मीही अर्धे-अर्धे पाणी बदलत गेलो. आकडा सुरुवातीला झपाट्याने उतरला, मग अडला. 30 च्या आसपासच राहिला. तेव्हा आमच्या विहिरीचे पाणी त्याच किटमध्ये घातले, तर 20! मग हिशेब जुळला. टाकीत 80 आणि बाहेरच्या पाण्यात 20 असेल, तर अर्धे बदलल्यावर 50 होतात, पुढच्या वेळी 35, मग 27 ते 28. 20 च्या खाली ते कधीच जाणार नाही, विहीर रिकामी केली तरी.

आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. जमीन जांभ्या दगडाची, सच्छिद्र. पावसात वरचे पाणी भराभर खाली झिरपते. विहिरीच्या वरच्या अंगाला कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे, तिथे शेणखत पडते, आणि पलीकडे शेजारच्या घरांचे शोषखड्डेही आहेत. यातले नक्की कशाचे किती, हे किट सांगत नाही. आई मात्र घाबरली, कारण घरात सगळे तेच पाणी पितात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे त्या बाजूने आम्ही सुरक्षित होतो. लहान बाळ असलेल्या घरांनी मात्र विहिरीचे पाणी प्रयोगशाळेतून जरूर तपासून घ्यावे, असे मी कळकळीने सांगेन.

नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी येते. त्यात नायट्रेट जवळजवळ दिसलेच नाही. त्यात क्लोरिन असते, म्हणून दुकानात अँटी-क्लोरिन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट आधी घालतो. आता टाकीसाठी नळ, आणि विहीर फक्त आमच्यासाठी.

दुसरी बाजू खाद्याची, आणि मला विचाराल तर हीच खरी किल्ली. खाद्यात 40 टक्के प्रथिने असतील तर 1 ग्रॅम खाद्यात सुमारे 64 मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. त्यातला काही माशांच्या अंगी लागतो, उरलेल्याचे नायट्रेट होते. 100 लिटरमध्ये रोज 1 ग्रॅम खाद्य म्हणजे दिवसाला जवळपास 2 पीपीएमची भर, आठवड्याला 14. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदलणाऱ्याचा आकडा शेवटी बदलाआधी 47 च्या आसपास स्थिरावतो. खाद्य निम्मे करून 40 टक्के पाणी बदलले, तर तो 17 ते 18 वर येतो. मी चिमटीने घालणे सोडून छोट्या काट्यावर तोलून घालू लागलो. मासे बारीक झाले नाहीत, उलट चपळ झाले.

गणेश चवथीला आम्ही मूळ घरी जातो. शेजारच्या काकी किल्ली घेताना म्हणाल्या, "अरे, सणाचे दिवस आणि तुझे मासे उपाशी?" मी म्हटले, "काकी, चार दिवस काही होत नाही त्यांना. घालायचेच तर ही एक पुडी, तीही मधल्या दिवशी." प्रेमाने मूठभर घातलेले खाद्य तळाशी कुजते, आणि परत आल्यावर अमोनियाच समोर उभा राहतो. मोठे, धष्टपुष्ट मासे काही दिवस सहज उपाशी राहू शकतात.

या सगळ्यात पीएचकडे लक्ष ठेवावे लागले. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते आणि पाण्यातला कार्बोनेट खर्ची पडतो. आमच्याकडचे पाणी मुळात मऊ (कमी क्षारांचे), त्यामुळे टाकीचा पीएच 6 पर्यंत घसरला होता. अशा टाकीत एकदम खूप नवे पाणी ओतणे धोक्याचे असते. पीएच एका अंकाने वाढला की अमोनियातला विषारी भाग सुमारे दसपट होतो. टाकीत थोडा अमोनिया साचलेला असेल तर तो त्याच दिवशी बाधतो. शिवाय बदल अचानक झाल्याचा ताण वेगळा. म्हणून नळाचे पाणी सुरू करताना मी रोज थोडे थोडेच बदलले, दर वेळी अमोनिया तपासून.

पीएच टिकवायला उपाय स्वयंपाकघरातच होता. तिसऱ्यांच्या (आम्ही खातो त्या शिंपल्यांच्या) रिकाम्या शिंपल्या उकळून, घासून, उन्हात कडकडीत वाळवल्या, फोडून मूठभर जाळीच्या पिशवीत बांधल्या आणि फिल्टरमध्ये ठेवल्या. पाणी आम्लधर्मी झाले की त्या विरघळतात, सावरले की थांबतात. मांसाचा कणही राहता कामा नये, नाहीतर नायट्रेटचीच भर.

वनस्पतींमध्ये मनीप्लांटने सर्वांत जास्त साथ दिली. पाने बाहेर, मुळे पाण्यात. जलकुंभीसारखी तरंगती वनस्पतीही भराभर नायट्रोजन शोषते, पण ती वाढली की काढून टाकावीच लागते. तिथेच कुजू दिली तर घेतलेले सगळे पाण्यात परत देते. काढलेला पाला मी माडाच्या आळ्यात पुरतो आणि बदललेले पाणी मिरचीला घालतो. ओहोळात किंवा तळीत मात्र हा पाला चुकूनही टाकू नये. तिथे तो पसरला की पाण्यावर चादर धरतो आणि खालच्या जिवांचा श्वास कोंडतो.

आता आकडा बदलाआधी 15 ते 20 च्या दरम्यान असतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच पिळतो, म्हणजे जिवाणू राहतात आणि गाळ जातो. नळाचे पाणीही पावसाच्या सुरुवातीला एकदा तपासून घेतो.