आमची वाटचाल: आधी पेट्रोलचा हिशोब, मग बूस्ट

आमचं गाड्या ट्यून करायचं, म्हणजे इंजिनची पॉवर (बीएचपी) वाढवून द्यायचं दुकान आहे. आमच्याकडं फोन आला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती बीएचपी वाढेल?" आणि आमचापण ठरलेला, "पेट्रोल कुठल्या पंपावर भरता?" बरेच जण इथंच वैतागतात, काही जण फोन ठेवतात, जे थांबतात ते मग वर्षानुवर्ष आपलेच होऊन जातात. वेबसाइटवर आमच्याबद्दल दोन शब्द टाकायचे असं बायको कधीपासून म्हणतेय (हिशोब, जीएसटी, पार्टच्या ऑर्डरी सगळं तीच बघते) म्हणून एकदाचं बसून लिहितोय.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. शिवाजी उद्यमनगरात आण्णांचं इंजिनच्या डिझेल पंपांच्या कॅलिब्रेशनचं दुकान होतं. ट्रॅक्टर, ट्रक, पाणी उपसायची ऑइल इंजिनं, सगळ्यांचे मायकोचे पंप आमच्याकडं यायचे. बेंचवर पंप चढवायचा, मोटर फिरवायची आणि प्रत्येक नोझलमधून ठरावीक स्ट्रोकला काचेच्या नळीत किती डिझेल पडतं ते बघायचं, चारही नळ्या एका लेव्हलला आल्या की पंप सील. आण्णा म्हणायचे हवा फुकट आहे ती कितीपण घे, डिझेल मोजून दे. आता मी जे काही करतो ते खरं तर याच्या पलीकडं फार नाही, फक्त काचेच्या नळीच्या जागी लॅपटॉप आला आणि हवा आता टर्बो ढकलतो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा, त्यानं दिलेला हवेचा जादा दाब म्हणजे बूस्ट).

मग कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून जादा प्रेशरचं डिझेल आणि वेळ कॉम्प्युटर ठरवणार. स्कॉर्पिओ सीआरडीई, पुढं स्विफ्टचं १.३ डीडीआयएस, आणि जुन्या इनलाइन पंपांचं काम हळूहळू आटत गेलं. उद्यमनगरात ज्यांनी वेळेत नवीन बेंच घेतलं ते टिकले, आमच्याकडं तेवढा पैसा नव्हता. मी तेव्हा डिप्लोमा करून पुण्याला भोसरीत एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागलो होतो आणि रविवारी मित्रांच्या स्विफ्टचं रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं) करायचो, तेपण उधारीच्या टूलवर. डिझेलचं रीमॅप तसं सोपं, नॉकची (पेट्रोल आपोआप भडकून पिस्टनला ठोके बसणं) भानगड नाही, जास्त झालं तर काळा धूर दिसतो आणि एक्झॉस्ट गरम होतो, म्हणजे गाडी आधी सांगते. पेट्रोल टर्बो सांगत नाही. त्याचं एकदम पिस्टनच्या लँडवरच (रिंगांच्या मधल्या कडेवर) जातं.

पेट्रोल टर्बो आपल्याकडं सामान्य माणसाच्या हातात आली ती लिनिया टी-जेट, मग २०१३ ची पोलो जीटी टीएसआय यांच्यामुळं. १०५ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) गाडी, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, आणि लोकांना कळलं की फक्त सॉफ्टवेअरनं ही गाडी वेगळीच होते. मग काय, जो तो ट्यूनर. तेव्हाच आम्ही भोसरी एमआयडीसीत एक छोटा गाळा भाड्यानं घेतला आणि नोकरी सोडली.

आमचा धंदा वेगळा कुठं झाला ते सांगतो. बाकीचे फाइल, म्हणजे तयार रीमॅप, विकायचे, स्टेज १ एवढे, स्टेज २ एवढे, रेट कार्ड. आम्ही प्लॅन विकायला लागलो. म्हणजे गाडी आणा, आम्ही दिवसभर लॉगिंग करणार (चालत्या गाडीचे आकडे लॅपटॉपवर नोंदवणं), फ्युएल प्रेशर, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), आत येणाऱ्या हवेचं तापमान, नॉकमुळं इग्निशन (ठिणगीची वेळ) किती मागं ओढतंय ते सगळं बघणार, आणि मग कागदावर लिहून देणार की तुम्हाला पाहिजे ती पॉवर हवी असेल तर काय काय लागेल, कुठल्या क्रमानं, आणि काय अजिबात लागणार नाही. याचे वेगळे पैसे. काम आमच्याकडं करा नाहीतर दुसरीकडं, कागद तुमचा. सुरवातीला लोक हसले, नुसत्या कागदाचे पैसे कसले म्हणाले. पण त्याच कागदावर आज आमचं दुकान चालतं.

त्या कागदात काय असतं ते उदाहरणावर सांगतो म्हणजे समजेल. समजा अबार्थ पुंटो आहे, १.४ टी-जेट, कंपनीतून १४५ पीएस. मालकाला थोडा मोठा टर्बो लावून क्रँकवर (म्हणजे इंजिनवर, चाकावर नाही) २०० हॉर्सपॉवर पाहिजेत, ट्रॅकसाठी. आता टर्बो पेट्रोल इंजिन फुल लोडवर एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल खातं (पाउंडात ०.६ धरतात). २०० गुणिले २७० म्हणजे तासाला ५४ किलो, लिटरमध्ये ७२-७३. चार इंजेक्टरमध्ये (पेट्रोलचा फवारा सोडणारे नोझल) वाटलं तर प्रत्येकी १८ लिटर, म्हणजे मिनिटाला ३०० सीसी. पण इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवून चालत नाही, ८० टक्क्याच्या आत ठेवायचा, मग आकडा जातो ३८० च्या आसपास. वर ई२० साठी (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सहा-सात टक्के जादा, झाले ४०५. तर आम्ही ४४० सीसीचे इंजेक्टर लिहितो. ५५० चे नाही आणि ७५० चे तर नाहीच, कारण फार मोठा इंजेक्टर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) एवढ्या कमी वेळासाठी उघडतो की त्याचा डेड टाइमच (करंट मिळाल्यावर उघडायला लागणारा वेळ) हावी होतो आणि गाडी सिग्नलला घोरते.

वेळेचा हिशोबपण बघा, इंजेक्टरला दोन फेऱ्यांत एकदाच काम असतं. ६५०० आरपीएमला इंजिनच्या दोन फेऱ्यांना जेमतेम १८.५ मिलिसेकंद लागतात, त्यातले ८० टक्के म्हणजे १४.८. एवढ्यात सगळं पेट्रोल गेलं पाहिजे. आणि ही झाली पोर्ट इंजेक्शनची गोष्ट (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत), टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनला (थेट सिलिंडरमध्ये) तर याच्या साधारण एक तृतीयांश वेळ मिळतो म्हणून तिथं रेलला (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) १५०-२०० बार प्रेशर लागतं.

आता यात लोक कुठं फसतात, तर इंजेक्टरवर छापलेला आकडा हा ३ बार प्रेशरला असतो. जुन्या पद्धतीचा प्रेशर रेग्युलेटर असेल, व्हॅक्यूमची नळी लावलेला, तर बूस्ट जेवढं वाढेल तेवढं रेलचं प्रेशर वाढतं आणि हिशोब जुळतो. पण रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) नसलेल्या सिस्टीममध्ये रेल समजा ३.५ बारला फिक्स आहे आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडं जाणारी हवेची वाट) १ बार बूस्ट आलं तर इंजेक्टरच्या वाट्याला उरलं २.५. फ्लो प्रेशरच्या वर्गमूळानं कमी होतो म्हणजे गेला सरळ १५ टक्क्यांनी खाली, आणि तोपण नेमका जेव्हा सगळ्यात जास्त पेट्रोल पाहिजे तेव्हा. हा १५ टक्क्याचा खड्डा कुणी बघत नाही, सगळे फाइलला शिव्या घालतात.

टाकीतल्या पंपाचंपण तसंच. तासाला २५५ लिटरवाला पंप आणला की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. अरे बाबा पंप ४.२ बारला किती देतो ते बघ, त्याच्या कागदात प्रेशर आणि फ्लोचा ग्राफ असतो, प्रेशर वाढलं की फ्लो पडतो. आणि उलट बाजूनं, २०० हॉर्सपॉवरच्या गाडीला एवढा पंप लागतच नाही, आयडलला जास्तीचं पेट्रोल परत टाकीत जाताना छोट्या रेग्युलेटरला झेपत नाही आणि प्रेशर आपोआप चढून बसतं. मला विचाराल तर पंपापेक्षा आधी वायर बदला. टाकीपर्यंत कंपनीची बारीक वायर जाते, फुल लोडला पंपाच्या टोकाला १२ व्होल्टपण धड पोचत नाहीत, बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकला की बऱ्याच वेळा जुन्याच पंपात जीव येतो. स्वस्तातलं काम आहे म्हणून कुणाला नको असतं.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांना, ऑक्टाव्हिया १.८ किंवा व्हीआरएस, इथं मात्र लॉग बोलतो. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मागतोय १९०-२०० बार आणि वरच्या आरपीएमला प्रत्यक्षात १६० वर घसरतंय असं दिसलं की समजायचं कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप संपला. तिथं अजून बूस्ट मागणाऱ्या माणसाला आम्ही सरळ नाही म्हणतो. आधी तो पंप, मग बोलू. पोलो जीटीचा वेगळा विषय, तिथं पेट्रोलच्या आधी गिअरबॉक्स येतो, ती ७ स्पीडची ड्राय क्लच डीएसजी २५० न्यूटन मीटरचीच आहे, म्हणून आमच्या प्लॅनमध्ये टॉर्क त्याच्या खाली बांधून ठेवतो, कुणी कितीपण हट्ट केला तरी. यावरून काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

आता पंपावर पेट्रोल कुठलं भरता ते का विचारतो. पुण्या-मुंबईत ९७ पासून १०० ऑक्टेनपर्यंतचं पेट्रोल मिळतं (ऑक्टेन जेवढं जास्त तेवढा नॉक कमी). लातूर, सोलापूरकडचा माणूस गाडी घेऊन येतो, इथं महागडं पेट्रोल भरतो, डायनोवर (पॉवर मोजायचं रोलरचं मशीन) त्याच पेट्रोलवर ट्यून करून घेतो, आकडा बघून खूश, आणि गावी जाऊन साधं भरतो, त्यात एप्रिलची ४२ डिग्री. नॉक सेन्सर वाचवतो काही प्रमाणात, इग्निशन मागं घेतो, पण रोज त्याच्याच भरवशावर गाडी चालवणं म्हणजे सासऱ्याच्या पैशावर संसार. म्हणून आमचा नियम, ट्यून तुमच्या गावच्या पंपावरच्या पेट्रोलवरच होणार, येताना टाकी तिथूनच भरून या. जास्त ऑक्टेनचा मॅप वेगळा करून देतो, ज्याला शक्य आहे त्यानं वापरावा.

ई२० आल्यावर हे गणित परत हललं आणि इथं माझं मत जरा वेगळं आहे. लोक ई२० ला नुसत्या शिव्या घालतात, मायलेजवाल्यांचं बरोबरच आहे, इथेनॉलमध्ये ताकद कमी म्हणून जास्त जाळावं लागतं. पण टर्बोवाल्याला त्यात फायदापण आहे, ऑक्टेन ९५ च्या घरात जातं आणि इथेनॉल उडताना सिलिंडर गार करतं. अट एकच, तुमच्या फ्युएल सिस्टीममध्ये जागा पाहिजे. शुद्ध पेट्रोलला एक किलोला १४.७ किलो हवा, नुसत्या इथेनॉलला ९, म्हणजे मिश्रण बदललं की इंजेक्टरनं जास्त वेळ उघडायचं. ज्याचे इंजेक्टर आधीच ९० टक्क्यावर चालले होते तो ई२० वर लीन झाला (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) आणि त्याला कळलंपण नाही. २०२३ नंतर आमच्याकडं आलेल्या "गाडी पहिल्यासारखी ओढत नाही" अशा तक्रारींत हेच जास्त सापडलं, किंवा जुन्या रबरी नळ्या आणि टाकीतल्या पंपाची चोंदलेली जाळी.

आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते आम्ही आण्णांच्या त्याच जुन्या काचेच्या नळ्यांत बघतो. ठरलेलं पाणी, ठरलेलं पेट्रोल, हलवायचं, थांबायचं, इथेनॉल खाली पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर सरकते, किती सरकली त्यावरून टक्केवारी. आण्णा आता पुण्यात आमच्याकडंच असतात, ही टेस्ट तेच करतात, पोरांना हात लावू देत नाहीत.

इंजेक्टरचंपण तेच. ऑनलाइन मागवलेले सेट पॅकिंग एकदम झकास असतं पण आमच्या बेंचवर लावले की एक नळी वर, एक खाली, एका सेटमध्ये तर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी देणाऱ्यात १२ टक्क्यांचा फरक निघाला. लॅम्डा सेन्सर चारही सिलिंडरची सरासरी दाखवतो, तुम्हाला स्क्रीनवर ०.८० (म्हणजे पेट्रोल भरपूर) दिसतंय आणि आत तिसरा सिलिंडर उपाशी. त्यामुळं गिऱ्हाइकानं आणलेला पार्ट बेंचवर पास झाल्याशिवाय आम्ही बसवत नाही, हे लेखी देतो.

काय करत नाही तेपण सांगून टाकतो. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून देत नाही, एक्झॉस्टमधून फटाके वाजवणारी फाइल देत नाही. वॉरंटी जाणार, इन्शुरन्सवाले उद्या विचारतील, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आहे, हे सगळं प्लॅनच्या पहिल्या पानावर असतं, पैसे घ्यायच्या आधी वाचून सही. मारुती एस्टीमच्या १.३ इंजिनला टर्बो, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या ऐवजी वेगळा कॉम्प्युटर), असली कामं फक्त ट्रॅक आणि ड्रॅगच्या गाड्यांना, त्या ट्रेलरवर येतात आणि ट्रेलरवर जातात. या गाड्यांचे फ्युएल रेल, सर्ज टँक (पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी छोटी टाकी) आम्ही अजूनही उद्यमनगरातूनच करून घेतो. सर्ज टँक का, तर टाकी पाव असताना लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. आंबा घाटातून वर येताना लॉगमध्ये प्रत्येक मोठ्या वळणाला लॅम्डा उडालेला दिसला होता एका गाडीत, मालक महिनाभर सेन्सर बदलत बसला होता.

सध्या गाळ्यात दोन गाड्या एका वेळी उभ्या राहतात, दोन पोरं आहेत, पुतण्या लॉग वाचायला शिकलाय आणि माझ्यापेक्षा फास्ट वाचतो. डायनो स्वतःचा नाही, दिवसाच्या भाड्यानं घेतो, आणि एवढ्यात घ्यायचा विचारपण नाही, कारण त्याचा हप्ता भरायचा तर रोज गाड्या चढवाव्या लागतील आणि मग नाही म्हणता येणार नाही. त्याऐवजी डायरेक्ट इंजेक्टर टेस्ट करायचं हाय प्रेशरचं बेंच घेतोय, अॅडव्हान्स दिलाय. ते आलं की टीएसआयवाल्यांचे इंजेक्टरपण मोजून देऊ. तोपर्यंत ज्यांना प्लॅन पाहिजे त्यांनी आधी फोन करून दिवस ठरवावा, टाकी पाऊणच्या वर भरलेली आणि पंपाची पावती सोबत.