लिस्बनमध्ये वसईकर

सोमवार, रात्री साडेदहा

गुडघा ठणकतोय. भाचीने फोनवर तीन वेळा बजावलं होतं, "मावशी, रबरी तळव्याचे बूट आण." मी आणल्या त्या नेहमीच्या सपाता. इथले फूटपाथ म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बसाल्टचे मुठीएवढे चौकोनी दगड, हाताने एकेक बसवलेले आणि वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले. वर भुरभुर पाऊस. दुपारपर्यंत दोनदा घसरले, तिसऱ्यांदा पडले. लागलं फारसं नाही. एका आजोबांनी उठवलं आणि पोर्तुगीजमध्ये बरंच काही सुनावलं. सूर आमच्या वसईतल्या आजोबांचाच होता, त्यामुळे अर्थ कळायला अडचण आली नाही.

पहिल्यांदा नदीकाठच्या मोठ्या चौकात गेलो. तेजो नदी म्हणायची, पण रुंदी खाडीसारखी. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती, चौथी बाजू पाण्याला मोकळी. कागदोपत्री हा व्यापार चौक, पण लोक अजून 'तेरैरो दो पासो' म्हणतात, म्हणजे राजवाड्याचं अंगण. राजवाडा कुठाय विचारलं, तर भाची म्हणाली, "नाहीये. अडीचशे वर्षांहून जास्त झाली."

आजचा सगळा दिवस मग त्या 'नाहीये'भोवतीच फिरला.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमाराची वेळ. चर्चं माणसांनी भरलेली, जागोजागी मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. जे वाचले ते पडझडीपासून लांब म्हणून याच मोकळ्या नदीकाठाकडे धावले, आणि तासाभराच्या आत नदीतून त्सुनामी आली. उरलेलं शहर त्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी जाळलं. आग पाचेक दिवस चालली. राजवाडा गेला, त्यातलं हजारो पुस्तकांचं ग्रंथालय गेलं, भारताशी होणाऱ्या व्यापाराची कचेरी आणि तिची दप्तरंही गेली. चौकाच्या मधोमध राजा जोझे घोड्यावर बसलाय, चेहऱ्यावर रुबाब. प्रत्यक्षात त्या दिवसानंतर दगडी छपराखाली राहायची त्याने धास्तीच घेतली आणि मरेपर्यंत टेकडीवर लाकडी वाड्यात दिवस काढले. पुतळ्यात अर्थातच हे दिसत नाही.

चौकामागचा सरळ रस्त्यांचा बाजारपेठेचा भाग त्यानंतर पंतप्रधान पोंबाल यांनी नव्याने उभारून घेतला. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसवायचा, म्हणजे जमीन हलली तरी घर डोलेल, पण कोसळणार नाही. नमुन्याच्या पिंजऱ्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून चाचणी घेतली, असं सांगतात. खरं असेल तर असला इंजिनिअर मला भेटायला हवा होता.

मी वसईची. किल्ल्यात आमच्या शाळेच्या सहली जायच्या, पुढे शिक्षिका म्हणून मीच सहली नेल्या. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. पण पोर्तुगीज म्हणजे कोण, हे मात्र आम्हाला पडक्या भिंतींवरूनच कळलेलं. इतकी वर्षं माझ्या मनात एक ठाम चित्र होतं, की आमच्याकडे उरलेत ते अवशेष, धड आणि अखंड असं सगळं तिकडे लिस्बनला असणार. ते एकदा बघायचं, हीच या प्रवासामागची खरी हौस. आणि इथे येऊन कळतंय, की आमच्या किल्ल्यातल्या कित्येक भिंती या शहराच्या मधल्या भागापेक्षा जुन्या आहेत. वसई गेली आणि पुरत्या सतरा वर्षांच्या आत त्यांची राजधानीही गेली.

संध्याकाळी चढ चढून कार्मोच्या मठात. १३८९ मध्ये पायाभरणी झालेलं गॉथिक चर्च, १७५५ ला छप्पर आतल्या माणसांवर कोसळलं. पुढच्याच वर्षी पुन्हा बांधायला घेतलं, १८३४ मध्ये धर्मसंघच बरखास्त झाले तेव्हा काम थांबलं, आणि नंतर लोकांना ते तसंच आवडायला लागलं. टोकदार कमानी एकामागोमाग एक, वर सरळ आभाळ, खाली गवत. मी दारातच थांबले. किल्ल्यातल्या चर्चांमध्ये असंच आभाळ दिसतं, फक्त आमच्याकडे भिंतीतून वडाची मुळं येतात आणि कुणीतरी लग्नाआधीचे फोटो काढत असतं. (फोटो काढणारे इथेही होते.) मागच्या दालनात छोटं संग्रहालय आहे. तिथे पेरू देशातल्या दोन ममी काचेत बसल्यात, गुडघे छातीशी घेऊन. त्या इथे का, हे कोडं मी सोडवायला गेले नाही.

दादाला व्हॉट्सॲपवर कमानींचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "किल्ल्यात कधी गेलीस? तू तर परदेशात ना?"

मंगळवार

ट्रामने बेलेमला, शहराच्या नदीकाठच्या भागात. इथे धक्का कमी बसला, म्हणून जेरोनिमोसचा मठ उभा राहिला. मॅन्युएल राजाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत काम सुरू झालं. खर्च निघाला आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या सुमारे पाच टक्के करातून. म्हणजे मिरी, लवंग, दालचिनी. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, पोवळी, पानं. खांब इतके बारीक की वरचं छत कशावर टेकलंय असा प्रश्न पडावा. मला देखणं वाटलं, आणि देखणं वाटलं याचा थोडा रागही आला.

चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामा. त्याचं थडगं एकोणिसाव्या शतकातलं, अगदी गुळगुळीत, वर तो हात जोडून पहुडलेला. मेला तो १५२४ मध्ये, कोचीला. आधी तिथेच पुरला, १५३९ मध्ये हाडं पोर्तुगालला आणली, आणि या मठात यायला १८८० उजाडलं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात तो एका ओळीत यायचा आणि जायचा. शेजारी एक शाळकरी मुलगी त्याच्या दगडी पायाजवळ वहीत काहीतरी उतरवून घेत होती. तिच्या पुस्तकात त्याला किती पानं असतील?

बेलेमचा बुरूज मात्र मी बाहेरूनच पाहिला. मला तिथे एकच गोष्ट हवी होती, गेंडा. भाचीला वाटलं मावशीचं काहीतरी बिनसलंय. पण तो आहे. एका टेहळणी कोठडीच्या बुडाशी, दगडात, पावसावाऱ्याने झिजून डुकरासारखा झालेला.

त्याची गोष्ट अशी. गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने परवानगी दिली नाही, बदल्यात नजराणा म्हणून जिवंत गेंडा दिला. गोव्याहून तो जहाजाने निघाला आणि २० मे १५१५ ला इथे, याच काठावर उतरला. युरोपात शेकडो वर्षांत कुणी गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. मग पोपला भेट म्हणून पाठवला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याचं ते प्रसिद्ध चित्र काढलं, गेंडा डोळ्यांनी न पाहता.

पण आम्हा वसईकरांसाठी गोष्ट तिथे संपत नाही. याच मुजफ्फरशहाचा मुलगा बहादूरशहा. मुघलांच्या धाकाने त्याला पोर्तुगीजांची मदत हवी झाली आणि १५३४ मध्ये त्याने वसई, मुंबईच्या बेटांसकट, त्यांना लिहून दिली. बापाने गेंड्यावर भागवलं, मुलाने आमचं गावच देऊन टाकलं.

नदीकाठचं दर्यावर्द्यांचं उंच स्मारक जुनं वाटतं, पण आहे १९६० चं, काँक्रीटचं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा त्यांच्या हातून गेला. यावर एवढंच.

१८३७ पासून चालू असलेल्या दुकानात पास्तेल खाल्ले. कुरकुरीत पापुद्र्याची वाटी, आत अंड्याची मलई, वरून दालचिनी. मी तीन खाल्ले. भाचीने दोन मोजले, तिला तसंच वाटू दे.

बुधवार

टेकडीवरचा किल्ला राहिला. गुडघ्याने नाही म्हटलं. त्याऐवजी आल्फामा या जुन्या वस्तीच्या वर सांता लुझिया चर्चपाशी बाकावर बसून राहिलो. खाली लाल कौलं, पलीकडे नदी. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत. एकात ११४७ चा हल्ला, पोर्तुगीजांनी तेव्हाच्या मुसलमान राजवटीच्या किल्ल्यावर केलेला. मार्तिम मोनिझ नावाच्या सरदाराने मिटणाऱ्या दरवाज्यात स्वतःचं शरीर अडकवलं आणि बाकीचे आत घुसले, अशी दंतकथा. मी भाचीला चिमाजी अप्पांची सांगितली, किल्ला पडत नसेल तर माझं डोकं तरी तोफेने आत टाका, ती. तिच्या मते मोनिझची जास्त पटण्यासारखी. मी म्हटलं, दरवाज्यात अडकणं काय, आपल्याकडे लोकलमध्ये रोज करतात.

दुसऱ्या चित्रात राजवाड्याचं अंगण होतं, भूकंपाच्या आधीचं. सोमवारी ज्या मोकळ्या चौकात उभी होते, तिथेच राजवाडा, मनोरा, होड्या, सगळं जागच्या जागी. मी उठून जवळ गेले. राजवाड्याच्या एका खिडकीपाशी टाइलचा टवका उडालाय.

अठ्ठावीस नंबरची ट्राम आली, दारापर्यंत भरलेली. सोडून दिली. भाचीने माझा दंड धरला, मी कठडा धरला, आणि आम्ही पायऱ्या उतरायला लागलो. आज रबरी तळव्याचे बूट होते, तिचे, एक नंबर मोठे.